आजारी घरांतील शहाणीं मुलें

भाईंदर पश्चिमेहून पहांटेच्या गाडीनें मुंबईकडे निघणाऱ्या माणसांत नोकरदारांखेरीज आणखीही एक वर्ग असतो. डोक्याला घट्ट रुमाल बांधलेली एखादी बाई, आणि शेजारीं तपासण्यांच्या कागदांची जाड पिशवी मांडीवर घेऊन बसलेला तिचा नवरा. १९४१ सालीं परळ येथें उघडलेल्या टाटा रुग्णालयांत नंबर लवकर लागावा म्हणून अशीं माणसें अंधारांतच घर सोडतात. त्यांना पाहून कोणीही हळहळेल. परंतु घरीं मागें राहिलेल्या, धाकट्या भावाचा डबा भरून मग स्वतःचें दप्तर शोधणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीकडे कोणाचें लक्ष जात नाहीं.

"मुलगी मोठी शहाणी हो! आईचें दुखणें निघाल्यापासून घर तिनेंच सांभाळलें," असें शेजारीपाजारी म्हणतात. कौतुक खोटें नसतें. पण रडणाऱ्या मुलाची विचारपूस होते, शहाण्याची होत नाहीं. अशा मुलांचें दुःख पुष्कळदां शरीरावाटे बाहेर पडतें. सकाळीं पोट दुखतें, दुपारीं डोकें उठतें. रात्रीं आईच्या प्रत्येक कण्हण्यासरशी झोप मोडते आणि वर्गांत डोळे मिटतात. डॉक्टरांना पोटांत कांहीं सांपडलें नाहीं, म्हणून ती पोटदुखी ढोंगाची ठरत नाहीं. एखादा मुलगा चिडखोर होतो, उशिरां घरीं येतो. त्याला बेजबाबदार म्हणणारांस हें सुचत नाहीं कीं, घर टाळणें हाही भीतीचाच एक प्रकार असूं शकतो.

मिठागरांच्या कडेनें वाढलेल्या या वस्तींत मुंबईंतील जागा परवडेना म्हणून आलेलीं कुटुंबें पुष्कळ. आजीआजोबा गांवीं, काका दुसऱ्या उपनगरांत. बाप नोकरी, रजा आणि औषधांचा खर्च यांत गुंतलेला. मग उरलेलें काम मुलांकडे येतें. कामानें मूल बिघडत नाहीं. आपण उपयोगी पडतों या जाणिवेनें त्याला धीरही येतो. काम मोठ्यांचें आणि माहिती मात्र बाळाची, ही स्थिति त्याला सोसत नाहीं. आईला "थोडी गांठ आहे" एवढेंच मुलीला सांगितलेलें असतें. पण उशीवरचे केस तीच गोळा करते, आणि औषधाचें नांव मध्यरात्रीं मोबाइलवर शोधून एकटीच वाचीत बसते. तेथें जें सांपडतें तें कित्येकदां आईच्या खऱ्या प्रकृतीहून भयंकर असतें. आपण उलट बोललों म्हणून तर हें झालें नाहीं ना? पुढें आपल्यालाही होईल काय? हे प्रश्न ती कोणाला विचारणार?

महाराष्ट्रांत घरोघर वाचल्या गेलेल्या एका पुस्तकाच्या मुळाशीं अशीच एक राहून गेलेली भेट आहे. साने गुरुजींची आई १९१७ सालीं वारली, तेव्हां त्यांना अठरा वर्षें पुरीं व्हावयाचीं होतीं. शिक्षणासाठीं ते पालगडपासून दूर होते. शेवटच्या घटकेला आईजवळ नव्हते. पुढें १९३३ सालीं, नाशिकच्या तुरुंगांत, ते 'श्यामची आई' लिहावयास बसले, तेव्हां पंधरा वर्षें लोटलीं होतीं. पण पुस्तकाच्या अखेरीस ती रुखरुख ताजीच आहे. अभ्यासाचा खोळंबा नको म्हणून मुलांपासून दुखणें लपविणाऱ्या आईबापांनीं तीं शेवटचीं पानें पुन्हां एकदां वाचावींत.

दुखण्याचें नांव काय, उपचार कोणता, तो किती महिने चालेल, त्यानें थकवा येईल, केस जातील, आणि ताप आलाच तर तडक रुग्णालय गांठावें लागेल, एवढें चौदा वर्षांच्या मुलाला सहज कळतें. "आई बरी होईल ना?" याचें उत्तर डॉक्टरांपाशींही नसेल तर "आम्हांलाही अजून ठाऊक नाहीं, कळेल त्या दिवशीं तुलाही सांगूं," असें म्हणावें, आणि तो शब्द पाळावा. दुखणें फुप्फुसाच्या क्षयाचें असेल तर बोलण्याच्या जोडीला तपासणीही हवी. तो रोग खोकल्यावाटे हवेंतून पसरतो. नुसतीं भांडीं वेगळीं करून भागत नाहीं. घरांतील सर्वांची तपासणी व्हावी आणि डॉक्टर सांगतील त्यास प्रतिबंधक औषध द्यावें.

नॉर्वे देशांत रुग्णाला अल्पवयीन मुलें असल्यास त्यांची माहितीची व आधाराची गरज पाहण्याचें कर्तव्य २०१० पासून कायद्यानें रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांवर टाकलें आहे. आपल्याकडे केसपेपरावर वय, पत्ता, व्यवसाय सारें येतें. घरीं मुलें किती आणि त्यांच्यापाशीं कोण आहे, हें सहसा येत नाहीं.

तोंवर हें काम घरानें आणि शाळेनेंच करावयाचें. मुलीला विचारून वर्गशिक्षकांना चार ओळींची चिठ्ठी दिली, तर निदान अपुऱ्या गृहपाठाची शिक्षा तरी टळते. झोप उडणें, जेवण तुटणें, जीव नकोसा झाल्याचें बोलणें, यांपैकीं शेवटचें एकदांही कानांवर आलें तरी डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करूं नये. केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू केलेल्या टेली-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य लागतो, आणि तेथें मराठींतूनही बोलतां येतें.

आणि आठवड्यांतील एक संध्याकाळ तिची तिला द्यावी. मैत्रिणींबरोबर उत्तनच्या किनाऱ्यावर जावयाचें असेल तर जाऊं द्यावें, आणि निघतांना "आई आजारी असतां हें सुचतें कसें?" असें कोणी म्हणूं नये. त्या दिवशींच्या भाकरी बापानें भाजाव्यात. करपल्या तरी चालतील.