ब्यॉर्न डेली

नॉर्वेतील एल्व्हेरुम येथे १९६७ साली जन्मलेल्या ब्यॉर्न डेली याने लांब पल्ल्याच्या स्की शर्यतींत, जिथे उतारापेक्षा चढच खेळाडूचा कस पाहतात, तीन हिवाळी ऑलिंपिकांत मिळून ८ सुवर्ण व ४ रौप्य पदके मिळवली. ही झाली दप्तरी नोंद. मला मात्र त्याची थोरवी अधिक जाणवते ती १९९८ सालच्या नागानो येथील ऑलिंपिकातल्या प्रसंगात. दहा किलोमीटरची शर्यत त्याने साडेसत्तावीस मिनिटांच्या आत जिंकली. आणि केनियाचा फिलिप बॉइट, ज्याने दोनच वर्षांपूर्वी प्रथम बर्फ पाहिले होते, तो त्याहून वीस मिनिटे अधिक घेऊन, ब्याण्णवावा व सर्वांत शेवटचा, धापा टाकीत अंतिम रेषेवर पोहोचला, तेव्हा पदकप्रदान समारंभ खोळंबला असतानाही विजेता तिथेच उभा होता. त्याने पुढे होऊन बॉइटला कवेत घेतले. बॉइटने पुढे आपल्या मुलाचे नाव डेली ठेवले! त्याच ऑलिंपिकात पन्नास किलोमीटरची शर्यत अवघ्या आठ सेकंदांनी जिंकून डेली बर्फावर कोसळला. १९९९ साली चाकांच्या स्कीवर सराव करताना झालेल्या अपघातात त्याच्या पाठीला गंभीर इजा झाली, आणि २००१ साली त्याने निवृत्ती पत्करली.