ट्रॉलीच्या मागचा लाल दिवा

आज बचत, कर्ज, पापड-लोणची यांतलं काही सांगणार नाही. आज गाडीच्या दिव्यांबद्दल बोलायचंय. "हा पुरुषांचा विषय" म्हणून रेडिओ बंद करू नका. हा विषय आमच्या बचतगटात कसा आला, ते आधी ऐका.

दोन वर्षांपूर्वी गटातल्या एका ताईंनी उसाच्या ट्रॉलीसाठी कर्ज मागितलं. आम्ही सगळं तपासलं. टायर पाहिले, कागद पाहिले, दोन जामीनदार घेतले. ट्रॉलीच्या मागे दिवा लागतो का, हे मात्र एकीनेही विचारलं नाही. जानेवारीत एका रात्री तीच ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. उसाने भरलेली, पूर्ण अंधारात, मागे फक्त चार दगड. आमच्याच गटातल्या दुसऱ्या ताई मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून माहेराहून परत येत होत्या. मुलाला ट्रॉली दिसली तेव्हा ब्रेक दाबायला जागाच उरली नव्हती. मुलाचं खरचटण्यावर निभावलं, ताईंच्या गुडघ्यात प्लेट घालावी लागली. साडेतीन महिने त्या मजुरीला जाऊ शकल्या नाहीत. त्यांच्या दवाखान्याचं कर्ज आमच्या पेटीतून गेलं आणि ट्रॉलीचा हप्ताही त्याच पेटीत येत होता. दोघी एकाच सतरंजीवर बसायच्या, एकमेकींकडे न बघता. आम्ही कोणाची समजूत काढणार? कर्ज तर आम्हीच दिलं होतं.

म्हणून आम्ही नियम समजून घ्यायला बसलो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे आहेत. त्यांत सांगितलंय की सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या आधी अर्ध्या तासापर्यंत गाडीचे दिवे लागलेच पाहिजेत. धुकं, पाऊस, धुरळा यांमुळे नीट दिसत नसेल तर भर दिवसाही. आम्ही आपलं सोपं ठरवलंय: घरात दिवेलागण, की गाडीलाही दिवेलागण. त्या अर्ध्या तासात तर सगळ्यात फसवं दिसतं. पुढच्या दिव्याने १५५ मीटरपर्यंतचं माणूस, गाडी स्पष्ट दिसली पाहिजे. मागचा लाल दिवाही १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. म्हणजे साधारण विजेच्या चार खांबांएवढं अंतर.

एवढं लांबून कशाला? हिशेब करा. ताशी ६० ने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. डिपरवर आपल्याला पुढचं तीस-चाळीस मीटर धड दिसतं. "अरे, ट्रॉली!" असं मनात येईपर्यंत निम्मं अंतर संपलेलं असतं. ब्रेक त्यानंतर.

आता आपल्या स्कूटीचं बघू. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू झालं की आपोआप लागतो. अजूनही लोक बोटं उघडझाप करून "लाइट चालूय" म्हणून खुणावतात. त्यांना हसून हात करा आणि पुढे जा. पण पुढचा लागतो म्हणून मागचाही लागत असेल, असं समजू नका. आणि मागे बसणाऱ्या बायकांनो, पदर, ओढणी, बाजाराची पिशवी मागच्या दिव्यावर येते का ते बघा. आम्ही बैठकीनंतर अंगणात उभं राहून पाहिलं, तर सहा गाड्यांपैकी दोन गाड्यांचे लाल दिवे पिशव्यांनी झाकलेले होते. त्यातली एक गाडी आमच्या सचिवांची. समोरून कोणी येत असेल किंवा आपण कोणाच्या अगदी मागे असू, तर अपर नाही, डिपर.

ट्रॅक्टर-ट्रॉलीचं दुखणं मोठं आहे. ट्रॉलीच्या दिव्यांना वीज ट्रॅक्टरकडून वायरने येते. कारखान्यावर ट्रॉली सोडताना ती वायर लोंबकळते, तुटते, आणि हंगामभर तशीच राहते. दोन ट्रॉल्या असतील तर पहिलीतून दुसरीला वायर न्यावी लागते, ती बहुतेकांनी घातलेलीच नसते. दिवे असले तरी मागे लोंबणारा ऊस त्यांना झाकून टाकतो. म्हणून भरून झाल्यावर एकाने मागे जाऊन बघायचं. ऊस पुढे आला असेल तर त्याच्या टोकाला लाल रेडियमचा पट्टा बांधायचा. रेडियम पुढे पांढरं, बाजूला पिवळं, मागे लाल. आणि ते फडक्याने पुसायचं, चिखलाखाली रेडियम असून नसल्यासारखं.

आणखी एक. नांगरटीसाठी ट्रॅक्टरला मागे पांढरा फोकस असतो. रस्त्यावर काही जण तोच लावून जातात. मागून येणाऱ्याला वाटतं, समोरून मोटारसायकल येतेय. इंडिकेटर, रिव्हर्सचा दिवा आणि नंबरप्लेटवरचा उजेड सोडला, तर मागे लाल सोडून दुसरा दिवा दाखवायचा नाही, असा नियम आहे. फोकस शेतात ठीक.

बंद पडलेली गाडी ओढून नेतानाही असंच. दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको, वेग ताशी २५ च्या आत. दोर लांबून दिसेल असा हवा. आम्ही म्हणतो त्याला लाल फडकी बांधा. मधून मोटारसायकल घालणारे असतात, त्यांना दोर दिसत नाही आणि तो गळ्याशी येतो. ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या मागे 'ऑन टो' अशी पाटी, पांढऱ्यावर काळी अक्षरं. तिच्या स्टिअरिंगवर लायसन असलेला माणूस, पोरगा नाही. इंजिन बंद असलं की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. किल्लीही फिरवलेली हवी, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. बॅटरीच उतरली असेल तर मागे लाल दिवा लागणार नाही. मग रात्री ओढूच नका. वऱ्हाड घरी पोचवा, जीप सकाळी न्या.

गाडी रस्त्यात उभी राहिली तर पार्किंग लाइट चालू, आणि पन्नास-साठ पावलं मागे लाल त्रिकोण. दगड नाही. गाडी निघून जाते, दगड तिथेच राहतात.

आता आमच्या गटाच्या कर्जाच्या अर्जात एक ओळ वाढली आहे: वाहनासाठी कर्ज असेल तर दोन सदस्या रात्री जाऊन मागचे दिवे बघून येतील. यावरून एका घरात भांडण झालं. "बायका आता ट्रॉली तपासणार का?" असं विचारलं गेलं. आम्ही गेलो. टॉर्च घेऊन गेलो, चहा मिळाला नाही. ज्यांच्या ट्रॉलीने हे सगळं सुरू झालं, त्या ताई स्वतः आमच्यासोबत होत्या. गुडघेवाल्या ताई पायऱ्या चढू शकत नाहीत, त्या खालूनच विचारत होत्या, "लागला का गं डावीकडचा?"

डावीकडचा लागला नव्हता. वायर बदलून घेतली, मग चेक दिला.