नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे



काही दिवसांपूर्वी एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला विचारले, "वकीलसाहेब, अमेरिकेत टेक्सासमध्ये राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने घराचा एक दस्त करून ठेवला आहे. त्याच्या पश्चात घर कोर्टात न जाता थेट मुलाचे होईल म्हणतो. मीही सोसायटीच्या फॉर्मवर थोरल्याचे नाव घातले आहे. म्हणजे तेच झाले ना?"

तेच होत नाही, आणि हा गैरसमज घरोघरी आहे.

अमेरिकेत अशा दस्ताची सुरुवात मिसूरी राज्यात 1989 साली झाली. टेक्सासने तो 2015 मध्ये, तर न्यूयॉर्कने 2024 मध्ये स्वीकारला. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. टेक्सासमध्ये मालकाने हयातीतच तो काउंटीच्या कार्यालयात नोंदवावा लागतो. कपाटात राहिलेला दस्त निरुपयोगी ठरतो. मालक जिवंत असेपर्यंत लाभार्थ्यास कोणताही हक्क नसतो. मालक घर विकू शकतो, दस्त रद्दही करू शकतो. मात्र पुढे मृत्युपत्रात वेगळे लिहिले म्हणून तो रद्द होत नाही. घरावरचे कर्ज घराबरोबरच जाते.

आपल्याकडे स्थावर मिळकतीसाठी अशा दस्ताची तरतूदच नाही. नामनिर्देशनाचा उपयोग एवढाच, की सभासदाच्या निधनानंतर संस्थेने कोणाशी व्यवहार करावा हे ठरते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात 2019 साली जे कलम 154ब-13 आले, त्यानुसार खरे वारस सभासद होईपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती केवळ तात्पुरता सभासद असते. शेअर्सच्या बाबतीतही नामनिर्देशनाने वारसाहक्क डावलला जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केले.

माझ्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. वडिलांची शुश्रूषा अविवाहित धाकट्या कन्येने अखेरपर्यंत केली. सदनिका तिलाच मिळावी ही त्यांची इच्छा साऱ्या नातलगांना ठाऊक होती. नामनिर्देशन तिच्याच नावे होते. मृत्युपत्र मात्र नव्हते. आई आधीच निवर्तली होती. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 आपणा जैनांनाही लागू आहे. त्यानुसार दोन बंधू आणि दोन भगिनी यांचा प्रत्येकी चौथा हिस्सा. बंधूंनी हिस्सा मागितला, आणि कायदा त्यांच्या बाजूने होता. ज्या खोलीत तिने वडिलांची सेवा केली ती खोली विकून पैसे वाटले गेले. वडिलांची इच्छा साऱ्यांना ठाऊक होती, पण ती कागदावर नव्हती.

कोणी म्हणतील, मग बक्षीसपत्र करून मोकळे व्हावे. महाराष्ट्रात राहती मिळकत मुलामुलींना बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये आहे. नोंदणी फी व स्थानिक अधिभार वेगळे. परंतु मालकी त्याच दिवशी जाते, आणि मन बदलले म्हणून ती परत घेता येत नाही. राहते घर असे देण्याचा सल्ला मी ज्येष्ठांना सहसा देत नाही.

मृत्युपत्रास मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. तरी नोंदवावे असे मी सुचवतो. दोन साक्षीदारांची स्वाक्षरी अनिवार्य आहे. आपण स्वाक्षरी केल्याचे त्यांनी पाहिलेले असावे, किंवा ती आपलीच असल्याचे आपण त्यांना स्वतः सांगितलेले असावे, आणि मग त्यांनी आपल्या समक्ष सही करावी. वय झाले असल्यास, बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशीचा जोडावा. हयातीत ते कितीही वेळा बदलता येते. म्हणून तारीख घालण्यास विसरू नये. साक्षीदार शक्यतो वयाने लहान निवडावेत. समवयस्क मित्रांना साक्षीस बोलावण्याची आपली रीत आहे, आणि कागद न्यायालयात पोहोचतो तेव्हा सांगायला त्यांपैकी कोणीही उरलेले नसते.