ढळत्या स्मृतीची शुश्रूषा

१९०१ साली औगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची स्त्री फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झाली. तिची स्मृती ढळली होतीच. पण पतीविषयीचा संशय, वस्तू लपविणे आणि आकांत हीही तिच्या व्याधीची रूपे होती. डॉ. आलोइस आल्झायमर यांनी १९०६ मध्ये तिचीच हकीकत वैद्यांच्या सभेत मांडली.

आजही अनेक घरांत विस्मरणापेक्षा वर्तनच अधिक छळते. सासू सुनेवर दागिने चोरल्याचा आळ घेते. दिवेलागणीला, स्वतःच्याच घरात असता, ‘घरी जायचे’ म्हणून उंबरठा ओलांडू पाहते. हा हट्ट नव्हे. दुखरी दाढ, बद्धकोष्ठ, मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग, तहान वा गोंगाट शब्दांत सांगता येईनासा झाला, की तो वर्तनातून बोलतो. म्हणून आधी कारण शोधावे. वाद घालून भ्रम फिटत नाही. ‘आपण दोघी मिळून शोधू’ या शब्दांनी मात्र मन निवते. दिनक्रम ठरलेला असावा, दिवे वेळेआधी लागावेत.

औषध हा नंतरचा उपाय. चित्तभ्रमावरील औषधांनी अशा वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने २००५ मध्ये दिला.

आणि रात्र रात्र जागणाऱ्या त्या सुनेलाही झोप हवी. तिची पाळी घरातील इतरांनी घ्यावी. तोही उपचारच होय.