हिशेबाची वही आपल्या हातात

(गृहउद्योग आणि छोटा धंदा करणाऱ्या महिलांच्या शिबिरातील भाषण)



हिशेबाचा विषय काढला की आपल्यातल्या बऱ्याच जणी म्हणतात, 'ते आमच्याकडे हे बघतात.' पापड, मसाले, शिवणकाम, खानावळ, राबते बाई. पण येणे किती, देणे किती, हे सांगतो घरातला पुरुष. बाईला हिशेब जमत नाही, असे त्यामागे गृहीत धरलेले असते. माण तालुक्यातल्या म्हसवडच्या बायकांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले, तेव्हा प्रवर्तक निरक्षर आहेत म्हणून परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला. त्या लिहायला शिकल्या, आणि व्याजाचे हिशेब तोंडी करून दाखवायला तयार झाल्या. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तेव्हा प्रश्न अकलेचा नाही, वही कोणाच्या हातात आहे याचा आहे.

आता एक हिशेब मांडून पाहू. समजा, दहा किलो चकली केली. भाजणी, तेल, मसाला १,६०० रुपये. गॅस १५०, पिशव्या १००, रिक्षा १००. एकूण खर्च १,९५०. किलोला २८० रुपयांप्रमाणे आले २,८००. आपण म्हणतो, ८५० रुपये सुटले. पण तुम्ही दहा तास राबलात आणि मुलगी चार तास, ते कुठे लिहिले? तासाला ६० रुपये धरले तरी चौदा तासांचे ८४० होतात. म्हणजे धंद्याचा नफा दहा रुपये! कढईची झीज, उरलेला चुरा, बुडालेली उधारी अजून धरलेलीच नाही. बाईचे श्रम घरात फुकट धरले जातात, तीच सवय आपण धंद्यातही आणतो आणि माल स्वस्त विकतो. मजुरी खर्चात लिहा आणि मगच भाव ठरवा.

वही साधीच ठेवा. तारीख, तपशील, जमा, खर्च असे चार रकाने. मागे उधारीची वेगळी पाने, प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. रात्री दहा मिनिटे काढून त्या दिवसाचे त्याच दिवशी लिहायचे. घरासाठी गल्ल्यातून पैसे उचलले तर तेही 'घरखर्चास' म्हणून लिहायचे. बचत गटाच्या पंचसूत्रीत नियमित हिशेब हे एक सूत्र आहेच. गटाची वही आपण चोख ठेवतो, मग आपल्या धंद्याची का नको?

कॉम्प्युटरचे काय, असे विचारले जाते. टॅलीसारखी प्रणाली उत्तम आहे. पण रोज अनेक बिले फाडावी लागतात, माल ठिकठिकाणी जातो, जीएसटीची विवरणपत्रे भरावी लागतात, तिथे तिचा खरा उपयोग. लहान धंद्याला मोबाइलवरचे उधारीचे ॲप किंवा बेरजा आपोआप करणारा तक्ता पुरतो. पण आधी दोन-तीन महिने वही लिहा. यंत्र बेरीज बरोबर करील. न लिहिलेली मजुरी ते कुठून आणणार? शिवाय मोबाइल हरवला तर हिशेबही जाऊ शकतो, म्हणून महिनाअखेरीचे आकडे कागदावर उतरवून ठेवा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोबाइल कोणाचा, पासवर्ड कोणाला ठाऊक, आणि गाळ्यावर चिकटवलेल्या क्यूआर कोडचे पैसे कोणाच्या खात्यात जातात? नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्यात जात असतील, तर विक्री तुमची असूनही कमाई तुमची म्हणून कुठेच दिसत नाही. उद्या कर्ज मागायला गेलात, किंवा दुर्दैवाने घर सोडायची वेळ आली, तर दाखवायला काय राहील? कर्ज मात्र बहुधा तुमच्या नावावर असते.

शेवटी वेळेविषयी. वेळेचे नियोजन म्हणून बायकांना सांगितले जाते, पहाटे चारला उठा. मी ते सांगणार नाही. आठवडाभर कामाचे तास लिहा: धंद्याचे वेगळे, घरचे वेगळे. खरेदीचा वार ठरवा, ऑर्डरी ठरावीक दिवशीच द्या, एका जातीचा माल एकदम करा. यातून थोडा वेळ वाचेल. पण घरकामाचा रकाना तेवढाच भरलेला राहिला, तर तो कागद घरात सगळ्यांसमोर ठेवा आणि कामे वाटून मागा. धंदा वाढवायचा म्हणून बाईने झोप कमी करायची, हे आपल्याला मान्य नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने तीन गोष्टी आणाव्यात: महिन्याची वही, स्वतःच्या नावाचे पासबुक आणि आठवड्याच्या तासांचा कागद. एकमेकींच्या वह्या तपासू. जिला लिहिता येत नाही तिच्या शेजारी बसून लिहू. मात्र आकडे तिनेच सांगायचे आणि वही तिच्याचकडे राहायची.