चित्र आधी, किंमत मागाहून



आज मी आपल्याशी एका खेळाविषयी बोलणार आहे. खेळ मैदानावरचा नव्हे, संगणकाच्या पडद्यावरचा. हे ऐकून शिक्षक मंडळींपैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. पडू द्या. शेवटच्या बाकावर मुले काय कुजबुजतात ते आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. आणि ज्या गोष्टीविषयी मुलांना रागवायचे, ती निदान काय आहे एवढे तरी माहीत असलेले बरे.

२०१७ सालच्या आरंभी मी दोन महिने कॅलिफोर्नियात माझ्या पुतण्याकडे राहिलो होतो. निमित्त त्याच्या मुलाच्या बारशाचे. तिथे पहिल्याच आठवड्यात एक चमत्कारिक दृश्य पाहिले. रात्रीचे आठ वाजले, की हा गृहस्थ कानाला यंत्र लावून पडद्यापुढे बसे आणि वीस माणसांशी एकदम बोले. कोणी कॅनडातला, कोणी टेक्सासमधला. एक बाई शाळेत शिक्षिका, एक जण ट्रक चालवणारा. सगळे मिळून एका राक्षसावर चालून जात, आणि चार-पाच मिनिटांत सगळे मरत. मग पुन्हा उठून चालून जात. एका रात्री मी मोजले, चौदा वेळा मेले.

मी विचारले, “अरे, हा कसला खेळ? यात जिंकतो कोण?”

तो म्हणाला, “काका, अजून कुणीच नाही.”

या खेळाचे नाव वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. ब्लिझर्ड नावाच्या कंपनीने तो २००४ च्या नोव्हेंबरात काढला. हजारो माणसे एकाच काल्पनिक मुलखात आपापले पात्र घेऊन वावरतात. त्यात सर्वांत अवघड प्रकार म्हणजे ‘रेड’. आपण त्याला स्वारी म्हणू. आरंभी मोल्टन कोअर नावाच्या स्वारीला चाळीस माणसे लागत. चाळीस! गावच्या भजनी मंडळात पंधरा माणसे वेळेवर जमवताना काय होते ते आठवा, म्हणजे ही गोष्ट किती अवघड ते कळेल. राक्षस पडला की त्याच्यापाशी चार-दोन वस्तू सापडत, आणि वाटेकरी चाळीस. म्हणून या मंडळ्यांनी हिशेबाच्या वह्या घातल्या: कोण किती वेळा हजर होता, कोणाचा नंबर कधी. शिवाय एक राक्षस आठवड्यातून एकदाच काय ते देणार. चुकलात, तर पुढच्या आठवड्यापर्यंत थांबा. या मिळकतीला ते लोक ‘लूट’ म्हणतात. शब्द ओळखीचा वाटला ना? इंग्रजांनी तो आपल्याकडूनच उचलून नेलेला आहे. असो.

आता डेटामायनिंग ही काय भानगड आहे ते सांगतो. खाणीत उतरून खनिज काढतात, तशी ही माहितीची खोदाई. या खेळात नवा मुलूख किंवा नवी स्वारी यायची असली, की तिची चित्रे, आवाज, शस्त्रांची नावे हे सगळे सामान कंपनीला आधीच प्रत्येक खेळाडूच्या संगणकात नेऊन ठेवावे लागते. शिवाय सर्वांना देण्यापूर्वी कित्येक आठवडे कंपनी एक चाचणीची आवृत्ती खुली करते, चुका सापडाव्यात म्हणून. काही हुशार मंडळी कालच्या फायली आणि आजच्या फायली शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहतात, आणि नवे जे काही आले असेल ते उकलून जगापुढे मांडतात. लग्नघरात रुखवताच्या पेट्या आदल्या रात्री येऊन पडाव्यात आणि पोरांनी झाकणे किलकिली करून पाहावीत, तसाच प्रकार. कुलूप फोडलेले नाही, पण पाहायला बोलावलेलेही नाही.

शिक्षक श्रोते म्हणतील, “मग ही प्रश्नपत्रिका फुटल्यासारखीच गोष्ट झाली.” मलाही तसेच वाटले होते. पण जरा विचार करा. गणिताची प्रश्नपत्रिका फुटली तर परीक्षा बुडाली, हे खरे. पोहण्याच्या परीक्षेची फुटली तर काय बिघडले? “विहिरीत उडी मारा आणि पलीकडच्या काठाला लागा,” हा प्रश्न आधी कळला म्हणून पाठीवरचा भोपळा सोडता येत नाही. २०११ साली तर कंपनीनेच खेळाच्या आत एक पोथी घालून दिली; कोणता राक्षस कोणता डाव टाकतो हे तीत लिहिलेले असते. तरीसुद्धा त्याच २०१७ सालच्या उन्हाळ्यात किलजेडेन नावाच्या राक्षसाला सर्वांत कठीण पातळीवर प्रथम पाडायला युरोपातल्या एका नामांकित मंडळाला सहाशेहून अधिक प्रयत्न करावे लागले. रहस्य कळणे निराळे, आणि वीस माणसांचे हात एका क्षणी एका तालात चालणे निराळे. कंपनीही अगदी बेसावध नसते. अखेरचा राक्षस ती बहुधा चाचणीला ठेवतच नाही, आणि काही फायलींना आता गुप्त किल्ली लावून पाठवते; किल्ली येते ती नेमक्या दिवशी.

तेव्हा या खोदाईने स्वारी सोपी होते, ही तक्रार मला फारशी पटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. खोदाईत बक्षिसाचे चित्र आधी बाहेर येते, आणि त्याची किंमत मागाहून कळते.

माझ्या पुतण्याचेच घ्या. नाइटहोल्ड नावाची स्वारी २०१७ च्या जानेवारीत उघडली. तिच्या शेवटी गुलदान नावाचा मांत्रिक. त्याच्यापाशी एक वाहन मिळते, पेटत्या दगडांचा एक प्रचंड राक्षस, त्यावर बसून मुलूखभर फिरायचे. हे वाहन त्याने खोदून काढलेल्या चित्रात कितीतरी महिने आधी पाहिले होते. चित्राखाली नाव होते. ते कसे मिळेल, कोणाला मिळेल, हे काही नव्हते. त्याने धरून चालले, की आपण हे मिळवणार. पुढे कळले, की ते सर्वांत वरच्या पातळीवरच मिळते, आणि त्या पातळीला बरोबर वीस माणसे लागतात, एकोणीस नव्हेत की एकवीस नव्हेत. आठवड्यातून तीन रात्री, आठ ते अकरा.

आणि घरात सव्वा महिन्याचे मूल!

बाळ रडले की हा कानाचे यंत्र काढून उठे, आणि तिकडे एकोणीस माणसे मरत. तीन आठवडे त्यांनी सांभाळून घेतले. मग मंडळाच्या प्रमुखाने अगदी सभ्यपणे सांगितले, की तू काही दिवस विश्रांती घे. दुसरा माणूस त्याच्या जागी आला. माणसे वाईट नव्हती हो. त्या शिक्षिकेने बाळासाठी टोपडे विणून टपालाने पाठवले होते. पण जागा गेली ती गेली.

आपण म्हणाल, पडद्यावरच्या दगडी घोड्यासाठी एवढे हळहळायचे काय कारण? मीही त्याला तेच म्हणालो. तो म्हणाला, “काका, मला खेळ येत नाही म्हणून मिळालं नसतं तर काही वाटलं नसतं. मला येतं. मला रात्र नाही.”

या उत्तराने मी गप्प झालो. कारण अवघड या एका शब्दाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक, कसब कमी पडणे. दुसरी, सवड आणि सोबती नसणे. पहिल्या अडचणीवर सराव हे औषध आहे. दुसरीवर सरावाचे काही चालत नाही. रात्रपाळीचा कामगार, लेकुरवाळी बाई, आजाऱ्याची उशागत करणारा माणूस, हे सगळे दुसऱ्या अडचणीत सापडलेले असतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते पहिल्या अडचणीतले वाटतात.

कंपनीलाही हे उशिरा का होईना उमगत गेले. २००६ साली नॅक्सरामस नावाचा एक अफाट किल्ला त्यांनी बांधला. चाळीस माणसांची स्वारी. महिनोन् महिने कारागिरांनी खपून केलेले ते काम फारच थोड्या लोकांच्या दृष्टीस पडले. मग २००८ च्या नोव्हेंबरात तोच किल्ला दहा आणि पंचवीस माणसांसाठी पुन्हा खुला केला. २०११ च्या अखेरीस त्याहून पुढचे पाऊल पडले. ज्याला मंडळ नाही, त्याने नुसते नाव नोंदवावे, यंत्र पंचवीस अनोळखी माणसे गोळा करून देईल, लढाई सौम्य, वस्तू कमी कसाच्या. २०१४ पासून मधल्या दोन पातळ्यांवर दहापासून तीसपर्यंत कितीही माणसे चालू लागली. वरची पातळी मात्र वीसचीच राहिली.

यावर जुन्या खेळाडूंनी मोठा गिल्ला केला. आम्ही रात्री जागवल्या आणि यांना तेच फुकट! त्यांचे अगदीच चुकते असे मी म्हणणार नाही. ज्याने कष्ट केले त्याच्या अंगावर त्याची काही खूण असावी, यात गैर काय? निराळ्या पातळीच्या चिलखताला निराळा रंग असतो तो त्यासाठीच, आणि तो राहावा. पण किल्ला पाहणे आणि कथेचा शेवट कळणे ही काही शौर्याची खूण नव्हे. ती सर्वांना मिळावी, असे माझे मत आहे. आणि खोदाई करणाऱ्यांना एक विनंती करावीशी वाटते. चित्र दाखवाल तर खाली ठळक लिहा, की हे कोणाला मिळेल ते अजून ठरलेले नाही, किंवा कदाचित कोणालाच मिळणार नाही. फायलींत असलेल्या कित्येक वस्तू खेळात कधी येतच नाहीत. ज्यांनी चित्रावर जीव टाकलेला असतो त्यांना मात्र ते वचन वाटते, आणि मोडल्याचा राग येतो तो कंपनीचा, जिने ते दिलेलेच नव्हते.

माझ्या पुतण्याचे पुढे काय झाले ते सांगून टाकतो. या खेळात पात्रांचे बळ वर्षागणिक वाढते, त्यामुळे जुनी स्वारी काही वर्षांनी एकट्यालाही जिंकता येते. आता त्याचा मुलगा शाळेत जातो. मुलगा निजला की हा एकटाच त्या जुन्या नाइटहोल्डमध्ये शिरतो. ज्या गुलदानाने वीस जणांना रात्ररात्र लोळवले, तो याच्या हातून काही क्षणांत पडतो. मागे फोनवर मी विचारले, “मग मिळालं का रे ते तुझं वाहन?”

“नाही काका. आता ते सोडतीसारखं झालंय, शंभरात एखाद्या वेळी निघतं म्हणतात.”

“आणि एकट्याला कसं वाटतं तिथे?”

“शांत असतं फार. त्या टेक्सासवाल्याचा आवाज आठवतो.” मग जरा थांबून म्हणाला, “मंगळवारी पुन्हा उघडेल. तेव्हा जाईन.”