‘बरा झाला’ लिहिण्याआधी



   तुम्हा नव्या डॉक्टरांच्या पदवीदान समारंभाचं आमंत्रण मी ज्या गोष्टीसाठी स्वीकारलं, ती बोलते.

मी मूळची बार्शीची. १९७३ साली मी नऊ वर्षांची होते. त्या वर्षी आमच्या गावात तापाची मोठी साथ आली. आमच्या घरातल्या पाचांपैकी चौघं अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांकडून लाल औषधाची बाटली यायची, तिला डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवलेली असायची. तीन-चार दिवसांत ताप उतरला, सगळे उठले, आईही उठली. डॉक्टरांनी वडिलांना सांगितलं, “आता बरं आहे, काळजीचं कारण नाही.”

पण आईला भाकरी थापता येईना. पहाटे ती चूल पेटवायची आणि आधी हात शेकत बसायची. मग पीठ मळायला घ्यायची. गोळा परातीत ठेवून तळवा टेकवायची, पण बोटं काही केल्या सरळ होत नसत. तळव्याच्या टाचेनं ती भाकरी रेटायची. ती मध्ये पातळ व्हायची, कडेला जाड राहायची आणि तव्यावर टाकताना चिरायची. चिरलेली भाकरी ती स्वतःच्या ताटात घ्यायची. दोन पावसाळे असं चाललं. आमच्या गल्लीतल्या आणखीही बायकांची तीच तऱ्हा होती. आडावर त्या एकमेकींना बोटं दाखवायच्या. त्यांतली एकही परत दवाखान्यात गेली नाही. ताप नव्हता, मग डॉक्टरांना सांगणार काय?

तो आजार चिकुनगुनिया होता, हे मला कळलं ते एमबीबीएस करताना, ग्रंथालयात. साथींच्या यादीत ‘१९६३, कलकत्ता’ होतं आणि पुढे ‘१९७३, बार्शी’. आपल्या गावाचं नाव छापलेलं पाहून मी ते पान कितीतरी वेळा वाचलं. साथीत किती जणांना ताप आला, ते त्यात होतं. वर्षभरानंतर कुणाचे हात कसे होते, याबद्दल एक अक्षर नव्हतं. माझी या व्यवसायाबद्दलची पहिली तक्रार त्या टेबलावर जन्माला आली, आणि ती अजून मिटलेली नाही.

पुढे हाउसमनशिपला मी बालरोग विभागात होते. त्या काळी वॉर्डात गोवराची मुलं खूप असत. पुरळ मावळली, ताप गेला की आम्ही डिस्चार्ज द्यायचो. खाटांची इतकी चणचण होती की दुसरा इलाजही नव्हता. त्यातली काही मुलं दोन-तीन महिन्यांनी परत यायची, कधी न्यूमोनिया घेऊन, कधी जुलाब घेऊन, आणि काही परत घरी जायची नाहीत. एका आजीबाईंनी नातवाला माझ्यापुढे धरून म्हटलं होतं, “गोवर गेला बाई, पण पोराचं अंग रितं करून गेला.” माझ्या वरिष्ठांनी केस पेपरवर नवा आजार लिहिला आणि नवा पेपर काढला. गोवराचा पेपर केव्हाच बंद झालेला होता.

आजीबाईंचं ते वाक्य प्रयोगशाळेत सिद्ध व्हायला २०१९ साल उजाडलं. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं गेलं. इतर जंतूंविरुद्ध त्यांनी जी प्रतिपिंडं कमावलेली होती, त्यांतली ११ ते ७३ टक्के गोवरानं पुसून टाकली होती. गोवराचा विषाणू स्मरणपेशींमध्येच शिरतो. शरीर गोवर लक्षात ठेवतं आणि बाकीचं बरंचसं विसरतं. आजीबाईंच्या ‘रितं’ या शब्दात हे सगळं होतं, आणि आमच्यापैकी कुणीही तो शब्द पेपरवर लिहून घेतला नव्हता. मीही नाही.

मग आलं २००६. हिंद महासागरातल्या रियुनियन बेटावर चिकुनगुनियानं जवळजवळ एक तृतीयांश लोकसंख्येला गाठलं होतं. तीच साथ आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्रात पसरली. त्या वर्षी देशात १३ लाख ९० हजारांच्या आसपास संशयित रुग्णांची नोंद झाली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतल्या (एनआयव्ही) शास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा दिसलं की १९६३ ते १९७३ मध्ये आपल्याकडे होता तो आशियाई वंशाचा विषाणू, आणि हा आफ्रिकी वंशाचा आहे. आणखी एक गोष्ट दिसली. पुणे जिल्ह्यातल्या यवतला २००० साली पकडलेल्या डासांमधून मिळालेला विषाणूही याच आफ्रिकी वंशाचा होता. म्हणजे साथीच्या सहा वर्षं आधी तो दौंड तालुक्यात पोचलेला होता. कुणीतरी ते डास पकडले, विषाणू वाढवला, नाव-गाव-तारीख घालून जपून ठेवला, म्हणून हे कळू शकलं. अशा निमूट काम करणाऱ्या माणसांबद्दल मला नितांत आदर आहे.

मी तेव्हा एका यंत्रमागाच्या गावात होते. ओपीडीत पाय ठेवायला जागा नसायची. माणसं वाकून, भिंत धरून यायची. चिकन खाल्ल्यानं होतो म्हणून या तापाला हे नाव पडलं, असा समज पसरला होता, आणि कोंबडीवाल्यांचा धंदा बसला होता. नाव खरं तर टांझानियातल्या माकोंडे लोकांच्या भाषेतलं आहे. १९५२-५३ मध्ये तिथं पहिली नोंदलेली साथ आली, तेव्हा सांध्यांनी वाकवलेल्या माणसाकडे पाहून त्यांनी हा शब्द वापरला. रॉबिन्सन आणि लम्सडेन या डॉक्टरांनी तो तसाच उचलला. मला हे फार मोलाचं वाटतं. त्या शब्दात ताप नाही, डास नाही. त्यात आहे ते वाकलेलं शरीर.

२००६ च्या साथीतला एक माणूस मी कधी विसरणार नाही. चाळिशीचा माग-कामगार. ताप चार दिवसांत गेलेला. सहा महिन्यांनी तो माझ्यासमोर बसला होता आणि त्याचे सगळे रिपोर्ट माझ्या हातात होते. ईएसआर ठीक, ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर निगेटिव्ह, एक्स-रे स्वच्छ. मी पेपरवर ‘एनएडी’ लिहिलं, म्हणजे काही दोष आढळला नाही. त्याला ती अक्षरं वाचता आली नसतील, पण माझा चेहरा वाचता आला. त्यानं सदऱ्याच्या खिशातून सुताचा एक तुकडा काढला. म्हणाला, “मॅडम, बघा ना, गाठ मारतो.”

मागावर धागा तुटला की कामगार तो क्षणात जोडतो, नजर दुसऱ्या मागावर ठेवून. त्यानं सूत दोन बोटांत धरलं. अंगठा त्यावरून फिरेना. सूत निसटलं. त्यानं ते माझ्या टेबलावरून वेचून घेतलं, पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. तिसऱ्यांदा गाठ बसली, पण सैल. मधल्या बोटाच्या पेराला सूज होती. ती एक्स-रेत दिसत नाही, डोळ्यांना दिसते, पण मी त्याच्या हाताकडे पाहिलंच नव्हतं. चार मागांवरून मालकानं त्याला दोनवर आणलं होतं. मला आईची परात आठवली. बार्शीच्या मुलीनं हे ओळखायला हवं होतं, आणि तिनंच ‘एनएडी’ लिहिलं होतं. मी ती अक्षरं खोडली. अशा रुग्णांच्या नोंदी ठेवायला त्याच संध्याकाळी बाजारातून दोनशे पानांची एक वही आणली.

त्याच्या बोटात काय चाललं होतं? तुम्ही परीक्षेसाठी हे वाचलेलं आहे, पण माझ्यासाठी पुन्हा ऐका. डास चावल्यावर विषाणू त्वचेच्या पेशींत वाढतो, आणि शरीर इंटरफेरॉन सोडून सगळ्या पेशींना सावध करतं. ती हुडहुडी, तो ठणका, यांतलं बरंचसं आपल्याच प्रतिकाराचं काम असतं. आठवड्याभरात प्रतिपिंडं रक्तातला विषाणू साफ करतात. पण पूर ओसरला तरी विहिरीचं पाणी लगेच निवळत नाही. रियुनियनमधल्या एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात, तिथल्या भक्षक पेशींमध्ये, तब्बल १८ महिन्यांनी विषाणूचं आरएनए सापडलं. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की ज्यांच्यात संरक्षण करणाऱ्या सीडी-४ टी पेशी नव्हत्या, त्यांच्या रक्तात विषाणू होताच, पण पायाला सूज फार कमी आली. म्हणजे सांधा सुजतो तो बव्हंशी आपल्या संरक्षकांच्या हातून. ते ज्याच्याशी लढत असतात, त्याचे अवशेष उरलेले असतात, आणि लढाई संपल्याचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचलेला नसतो. रियुनियनमध्येच पंधरा महिन्यांनी विचारपूस केली तेव्हा ५७ टक्के रुग्ण अजून सांध्यांची तक्रार करत होते. हे समजलं, ते पंधरा महिन्यांनी कुणीतरी विचारलं म्हणून.

आमच्याकडे कुणी विचारलं नाही. साथ ओसरल्यावर एका कार्यालयात आढावा बैठक झाली. मी माझ्या वहीतली चाळीस-एक पानं घेऊन गेले होते. अध्यक्षस्थानी असलेल्या गृहस्थांनी मला एकच प्रश्न केला, “मृत्यू किती?” मी म्हटलं, माझ्या वहीत मृत्यू नाहीत. “मग पुढचा विषय घ्या.” रुग्णांच्या नोंदीच्या तक्त्यात नाव, वय, गाव, तापाची तारीख, तपासणीचा निकाल, एवढे रकाने होते. मी आणखी एक रकाना सुचवला, तीन महिन्यांनंतरच्या स्थितीचा. तक्ता वरून छापून येतो, असं मला सांगण्यात आलं. आज वीस वर्षं होत आली, तरी ती बैठक आठवली की माझा आवाज चढतो. चारावरून दोन मागांवर आणलेला माणूस कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

आणि जिथं आपण विचारत नाही, तिथं दुसरं कुणीतरी उत्तर द्यायला बसलेलं असतंच. त्या वर्षी गावोगाव स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली गेली. सकाळी टोचलं की संध्याकाळी माणूस चालू लागे, देणारा देवमाणूस ठरे. मग असर उतरला की दुखणं दामदुप्पट. महिनोन्‌महिने इंजेक्शनं घेऊन चेहरा सुजलेली, साखर वाढलेली माणसं माझ्या वहीत आहेत. देणाऱ्यांत पदवी नसलेले होते तसे आपल्यासारखे पदवीवालेही होते. काही रुग्णांना स्टेरॉइड लागतं, काहींना मेथोट्रेक्सेट लागतं, पुष्कळांना व्यायाम, शेक आणि धीर पुरतो. पण कुणाला काय, हे ठरवायला तो माणूस आपल्याकडे परत यावा लागतो. ‘तुला काही झालेलं नाही’ असं ऐकून गेलेला माणूस परत येत नाही.

कोविडमध्येही हेच झालं; तेव्हा तुम्ही वॉर्डात होतात किंवा ऑनलाइन तासांना. ‘लाँग कोविड’ हा शब्द कुठल्या वैद्यकीय परिषदेनं दिलेला नाही. मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्व-अभ्यासक बाईंनी तो ट्विटरवर लिहिला. त्या स्वतः आजारी होत्या. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आली ऑक्टोबर २०२१ मध्ये. म्हणजे माकोंडे गावकऱ्यांनंतर सत्तर वर्षांनीही आजाराला नाव रुग्णानंच दिलं आणि आम्ही दीड वर्षानं सही केली. त्या काळात माझ्याकडे एक शाळामास्तर यायचे. फळ्यावर लिहिता लिहिता त्यांना पुढचा शब्द सुचेनासा व्हायचा. त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर ‘रिकव्हर्ड’ असा शिक्का होता. ते कार्ड ते दर वेळी घडी उलगडून मला दाखवत, जणू खोटं बोलत नसल्याचा पुरावा म्हणून. रुग्णाला स्वतःच्या दुखण्याचा पुरावा खिशात घेऊन फिरावं लागतं, कधी सूत, कधी कार्ड. हे आपल्यामुळे होतं.

प्रत्येक थकवा विषाणूमुळे असतो, असं मी म्हणत नाही. थायरॉइड बघा, हिमोग्लोबिन बघा, साखर बघा, क्षय बघा, झोप विचारा. पण सगळं पाहून झाल्यावर हातात नॉर्मल रिपोर्ट उरले, तर लिहा की ‘कारण सापडलं नाही’. ‘काही नाही’ असं लिहू नका. या दोन वाक्यांतलं अंतर मला माझ्या रुग्णांनी शिकवलं. आणि ताप उतरला म्हणून ‘बरा झाला’ लिहू नका. तीन महिन्यांनंतरची तारीख लिहा, त्या दिवशी हात हातात घेऊन बघा, काय करता येत नाही ते विचारा. मग सहा महिन्यांची लिहा. दिवसाला दीडशे पेपर असतात, मला ठाऊक आहे. मीही दीडशे पाहिलेत. तारीख लिहायला लागतो तेवढा वेळ त्यातही निघतो.

माझी वही मी आज इथं आणली आहे. आता एकाच्या तीन झाल्यात. रुग्णांची नावं काढून क्रमांक घातले आहेत. नावांची यादी वेगळ्या बंद पाकिटात आहे, ती तुमच्या मेडिसिन विभागप्रमुखांकडे राहील. विभागानं वह्या ठेवून घ्यायचं कबूल केलंय. २००६ च्या रुग्णांपैकी जे अजून संपर्कात आहेत, त्यांना मी दर वर्षी जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर फोन करते. मागवाले आता सत्तरीकडे झुकलेत, दोन नातवंडं सांभाळतात. ओल आली की त्यांचा अंगठा अजून आखडतो. या जूनमध्ये माझ्या स्वतःच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, त्यामुळे फोन तुमच्यापैकी कुणालातरी करावे लागतील. कार्यक्रम संपल्यावर मी खाली डाव्या दाराशी वह्या घेऊन थांबते.